सॉफ्टवेअर फुकट, मजुरी तीनशे

मागच्या अंकात जुना लॅपटॉप विकत घेताना काय बघावं या प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर भरून देणारा दुकानदार लॅपटॉपसोबत गिऱ्हाईकाच्या गळ्यात एक गुन्हा पण बांधतो. त्या एका वाक्यावर इतक्या मेल आणि पत्रं आलीत की या महिन्यात वकील म्हणून मला नेहमी येणारे सातबारा आणि पोटगीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. दोघातिघांनी शिव्या घातल्यात, त्या पोचल्या. नाव छापू नका असं जवळपास सगळ्यांनीच लिहिलंय, त्यामुळे फक्त गावं देतोय, काही ठिकाणी तीही बदलून.

प्रश्न : बार्शीला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, सहा वर्षं झाली. मशीन असेंबल करून देताना विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, टॅली सगळं टाकून देतो. सॉफ्टवेअरचा मी एक रुपया घेत नाही, फक्त इन्स्टॉलेशनचे तीनशे. शेजारच्या तालुक्यात एकाच्या दुकानात पोलीस येऊन हार्डडिस्क उचलून घेऊन गेले असं कळलं. मला शिक्षा होऊ शकते का? गिऱ्हाईकच मागतं, नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातं.

उत्तर : होऊ शकते, भाऊ. हे आधीच सांगून टाकतो कारण तुमच्या मूळ पत्रात ‘मी पैसे घेत नाही’ हे वाक्य चार वेळा आलंय आणि मला वाटतं तुम्ही ते माझ्यापेक्षा स्वतःलाच सांगताय.

आपल्याकडे कॉम्प्युटर प्रोग्रॅमला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो. १९८४ च्या दुरुस्तीत प्रोग्रॅमला ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत घातलं, म्हणजे कायद्याच्या पंगतीत टॅली आणि कवितासंग्रह शेजारी शेजारी बसतात, ऐकायला गंमत वाटते पण शिक्षा गमतीची नाही. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग करणाऱ्याला किंवा तसं करायला मदत करणाऱ्याला कमीत कमी सहा महिने ते जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि सोबत ५० हजार ते २ लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर ६३-अ लागतं, मग खालची मर्यादा एक वर्ष आणि एक लाखावर जाते.

आता तुमचं ‘पैसे घेत नाही’. कायद्यात एक सवलत आहे खरी, की भंग धंद्याच्या ओघात नफ्यासाठी केलेला नसेल तर कोर्ट कारण लिहून सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. पण तुमचं मशीन विकलं जातं ते त्यात सगळं भरलेलं असतं म्हणूनच ना? मग नफा त्यातच आला. बिलावर इन्स्टॉलेशन लिहा, मजुरी लिहा, नाहीतर चहापाणी लिहा, कॉपी कोणी केली आणि ती केल्यामुळे कोणाचा माल खपला एवढंच बघतात. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने मायक्रोसॉफ्टच्या एका दाव्यात अशाच ‘मशीनसोबत फुकट’ सॉफ्टवेअर भरून देणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध १९ लाख ७५ हजार रुपये नुकसानभरपाईचा हुकूम दिला, वर व्याज. फुकट दिलेल्या मालाचे एवढे झाले.

पोलिसांचं विचारलंत म्हणून. कलम ६४ प्रमाणे सब-इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरचा अधिकारी वॉरंट नसताना सुद्धा बेकायदा कॉप्या जप्त करू शकतो, आणि या कॉप्या असतात हार्डडिस्कवर, त्यामुळे हार्डडिस्क जाते, आणि त्या गडबडीत रिपेअरला आलेली दुसऱ्याची मशीन्स पण जातात हे मी बघितलंय. एका मास्तरांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आठ महिने पोलीस ठाण्याच्या कपाटात होते. ज्याचा माल चुकून गेला त्याला १५ दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो पण ते लोकांना माहीतच नसतं. गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता तपास सुरू करू शकतात असा) की अदखलपात्र यावर बरीच वर्षं वेगवेगळ्या हायकोर्टांची वेगवेगळी मतं होती, मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निट प्रो प्रकरणात सांगून टाकलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. घाबरून जाऊ नका, अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही, तो हक्काने ठाण्यातच मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. तरी दुकानासमोर पोलिसांची गाडी उभी राहिली हे बार्शीसारख्या गावात किती दिवस पुरतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

यापेक्षा त्रासाचा प्रकार म्हणजे दिवाणी दावा. कंपनी तुम्हाला न कळवता कोर्टातून आदेश घेते, कोर्ट एक लोकल कमिशनर नेमतं, आणि एक दिवस काळा कोट घातलेली व्यक्ती दुकानात येऊन शांतपणे एकेक मशीन उघडायला लावते, यादी करते, सील करते. फौजदारी केस रेंगाळते, हे रेंगाळत नाही.

हे झालं कायद्याचं. आता ‘गिऱ्हाईकच मागतं’ याबद्दल थोडं लांब लिहितो, रागावू नका.

२०१९ च्या जूनमध्ये माझ्याकडे एक कृषी सेवा केंद्रवाले काका आले होते. पेरण्या तोंडावर, आणि त्यांच्या मशीनवरची प्रत्येक फाइल लॉक. तीन हंगामांची उधारी त्यात. प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी, की डेटा परत हवा तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. काकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा की वकीलसाहेब, निम्म्यावर आलेत म्हणजे अजून खाली येतील का? हा स्टॉप-डिजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर, त्या काळात क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरमधून, म्हणजे लायसन्स नसताना प्रोग्रॅम चालू करून देणाऱ्या टूलमधून, मुख्यतः पसरत होता, आणि आठवड्याभरापूर्वी तिथल्या कॉम्प्युटरवाल्याने ऑफिस टाकून दिलं होतं. आता क्रॅक टाकताना पहिली पायरी काय असते? अँटीव्हायरस बंद करा. तुम्हाला तर झोपेतही येत असेल ते. म्हणजे घरात शिरायच्या आधी कुत्रा बांधून ठेवायला सांगणाऱ्या पाहुण्याला आपण चहा देतो. काकांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना वाटत होतं दुकानातल्या मुलाने ‘विंडोज मारून दिलंय’, बस. दुकानदारावर काय करता येईल म्हणून बिल मागितलं तर वहीचा एक कागद, त्यावर लिहिलेलं, इन्स्टॉलेशन चार्ज ३००/-.

डेटा आला नाही. काकांनी पावसाळा संपेपर्यंत गावोगाव फिरून, जुन्या पावत्या जुळवून उधारी परत लिहिली. काही शेतकऱ्यांनी स्वतःहून आकडा सांगितला, एकाने तर लपवता आले असते ते सतरा हजार सांगितले. काहींनी नाही सांगितले.

तर गिऱ्हाईक मागतं म्हणजे काय मागतं, त्याला कॉम्प्युटर चालू झालेला हवा असतो. त्याला विचारून बघा की दादा, हे चोरीचं आहे, यात व्हायरस असू शकतो, अपडेट येणार नाहीत, उद्या नोटीस आली तर तुमच्या नावाने येईल, चालेल का? किती जण हो म्हणतात बघा. कंपनीच्या नुकसानाचं आपण बोलतो तेव्हा लोक म्हणतात बिल गेट्सला काय फरक पडतो, आणि खरं सांगू का, स्वतः गेट्स १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात चीनबद्दल बोलताना म्हणाले होते की लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरलेलं बरं, एकदा सवय लागली की पुढे कधीतरी पैसे वसूल करायचा मार्ग काढू. त्यामुळे त्यांच्यासाठी मी अश्रू गाळत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही चोरी कंपनीची करता आणि धोका न सांगता ठेवता तो कृषी सेवा केंद्रवाल्या काकांच्या टेबलावर.

हे मी कुठल्या उंच जागेवरून सांगत नाहीये. २००३-०४ मध्ये पुण्यात शिकताना मेसचे पैसे मी सीडी विकून काढलेत. तपकीर गल्लीतून ब्लँक सीडी आणायची, पन्नासचा गठ्ठा, मित्राच्या रायटरवर रात्री फोटोशॉप ७ मारायचं, वर मार्करने ‘पीएस ७’ आणि खाली सीरियल नंबर. सीडी शंभर रुपये. एकदा मी एका गिऱ्हाईकाला सीरियल नंबर चुकीचा लिहून दिला तर तो पौड रोडवरून सायकल मारत भांडायला आला, आणि मी त्याच्यावरच डाफरलो की नीट टाइप करता येत नाही का. चोरीच्या मालाला वॉरंटी मागतोस होय असं माझ्या डोक्यात होतं. ते भांडण मला अजून आठवतं, बाकीचे गिऱ्हाईक आठवत नाहीत.

करायचं काय. एक सोपी गोष्ट जी निम्मे दुकानदार करत नाहीत: विंडोज ८ नंतरच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये कंपनीने दिलेली लायसन्सची की मदरबोर्डमध्येच बसवलेली असते. तुम्ही फॉरमॅट मारून तीच होम आवृत्ती टाकलीत आणि नेट जोडलं की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. पण आपले लोक करतात काय, पेनड्राइव्हवर विंडोजच्या प्रो आवृत्तीचा क्रॅक तयार असतो म्हणून तोच मारतात. गिऱ्हाईकाने पैसे भरून घेतलेलं खरं विंडोज पुसायचं आणि त्याजागी चोरीचं घालायचं, आणि त्याचे तीनशे. असेंबल मशीनला लायसन्सची किंमत कोटेशनमध्येच वेगळी दाखवा, नको म्हणाला तर बिलावर ‘ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय’ लिहा किंवा विंडोजच्या जागी फुकट आणि कायदेशीर असलेलं लिनक्स टाकून द्या. टॅली शिकण्यापुरतंच हवं असेल तर त्यांचाच एज्युकेशनल मोड फुकट आहे, त्यात महिन्याच्या फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेच्या एंट्र्या होतात पण शिकायला तेवढं पुरतं. धंद्याला हवं असेल तर त्यांना लायसन्स विका, विक्रेता म्हणून कमिशन पण मिळतं. समोरच्या दुकानात काही गिऱ्हाईकं जातील, हे मी नाकारत नाही.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. तो मोबाइलवर टेलिग्राम चॅनल चालवतो, त्यावर महागडी सॉफ्टवेअरं ९९ रुपयांना देतो. महिन्याला सात-आठ हजार येतात. मी ब्लाउज शिवते, त्यासाठी काढलेला क्यूआर कोड आहे, त्यावरच पैसे घेतो. तो म्हणतो मी फक्त लिंक देतो, सॉफ्टवेअर माझ्याकडे नसतंच. ह्यांचं म्हणणं सगळेच करतात. माझ्या जिवाला घोर लागलाय. मी चुकतेय का?

उत्तर : ताई, तुम्ही चुकत नाही आहात, आणि आधी तो क्यूआर कोड आजच्या आज त्याच्याकडून काढून घ्या. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

कारण असं. उद्या तक्रार झाली तर टेलिग्रामवरचं नाव कोणाचं आहे हे शोधायला पोलिसांना वेळ लागेल, पण पैसे कुठे गेले हे बँक एका पत्रावर सांगते, आणि तिथे तुमचं नाव आहे. तपासात पोलीस खातं गोठवू शकतात, मग त्यात ब्लाउजचे पैसे किती आणि ९९ चे किती हे वेगळं करत बसायची पाळी तुमच्यावर, तोवर गॅसचे पैसे सुद्धा निघत नाहीत. अशी गोठलेली खाती सोडवायला माझ्याकडे लोक येतात, तीन-तीन महिने जातात.

‘फक्त लिंक देतो’ याला अर्थ नाही. कलम ६३ मध्ये भंग करणारा आणि भंगाला मदत करणारा दोघं आहेत, आणि ९९ रुपये घेऊन लिंक देणारा मदत करत नाही तर काय करतो? शिवाय त्याच्या बाबतीत ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहिलेली नाही कारण चॅनलवर त्याने स्वतःच मूळ किंमत लिहून त्यावर काट मारलेली असेल, सगळे मारतात. प्रोग्रॅमचं कुलूप तोडायचा वेगळा गुन्हा २०१२ च्या दुरुस्तीत आलाय, कलम ६५-अ, दोन वर्षांपर्यंत कैद. क्रॅक तो स्वतः करत असेल तर ते पण. आणि फौजदारी केस कोर्टात चालू असताना पासपोर्टला अडचण येते, इंजिनिअरिंगच्या मुलाला हे एवढं एकच वाक्य सांगितलं तरी बऱ्याचदा काम होतं.

ह्यांच्या ‘सगळेच करतात’बद्दल. खरंय, करतात. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या पाहणीत २०१७ मध्ये भारतात वापरात असलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के बिनालायसन्सचं होतं, तो आकडा कंपन्यांचा आहे म्हणून दोन पावलं मागे उभं राहून बघायचा, पण आपण आजूबाजूला बघतो तेव्हा फार खोटा वाटत नाही. पण वापरणं आणि विकणं यात फरक आहे. एखाद्या पोराने शिकण्यासाठी क्रॅक टाकला, पैसे नाहीत म्हणून टाकला, तर मी त्याला बरोबर म्हणणार नाही पण त्याच्याशी भांडणारही नाही. तुमचा मुलगा मात्र त्याच पोरांकडून पैसे घेतोय, अशा गोष्टीचे की ज्यातल्या बऱ्याच कंपन्या विद्यार्थ्यांना फुकटात देतात. ऑटोडेस्क कंपनीचं कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, विद्यार्थ्याला कॉलेजचा पुरावा दिला की फुकट मिळतं. म्हणजे तो त्याच्याच वर्गातल्या मुलांना फुकटची वस्तू चोरीची करून ९९ ला विकतोय. हे त्याला कंपनीच्या नुकसानाच्या गप्पांपेक्षा जास्त लागेल असं वाटतं.

त्या सात-आठ हजारांमधून घरात काही जात असेल तर ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, मी विचारत नाही. पण जात असेल तर बोलताना ते आधी मान्य करा, नाहीतर तो म्हणेल घेताना बरं चाललं.

प्रश्न : आमचा लातूरला लग्नपत्रिका-फ्लेक्सचा छोटा धंदा आहे. २०१४ साली मशीन घेतलं तेव्हाच विक्रेत्याने डिझाइनचं कोरल, फोटोशॉप आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी टाकून दिलं होतं, श्रीलिपीचा लॉक (कॉम्प्युटरला लावायचा ठोकळा) न लावता चालतं. आम्ही तर विकत नाही, फक्त वापरतो. आमच्यावर काही येतं का?

उत्तर : येतं. कलम ६३-ब फक्त प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठीच आहे. बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण तुमचा धंदाच तो. ‘माहीत असून’ या दोन शब्दांवर तुम्ही लढू शकला असता, पण ‘लॉक न लावता चालतं’ हे तुम्हीच लिहून पाठवलंय. (पत्र मी फाडलंय.)

श्रीलिपीबद्दल मला जास्त बोलायचंय. ते मॉड्युलर इन्फोटेकचं, पुण्याचं. ज्या काळात कॉम्प्युटरवर ‘र्‍हस्व’ नीट उमटवणं ही लढाई होती त्या काळात या लोकांनी देवनागरीचे फॉन्ट, कीबोर्ड लेआउट, सगळं बसवून दिलं, आणि महाराष्ट्रातल्या गल्लीबोळातल्या डीटीपीवाल्यांनी त्यावर संसार केले. तो प्रिंटरच्या पोर्टला लावायचा ठोकळा, तुमचा तो लॉक, म्हणजे डाँगल, आठवतो का? तो हरवला म्हणून रडणारे ऑपरेटर मी बघितलेत, आणि तो चकवणारी फाइल पानटपरीवर मिळावी तशी मिळायची तेही बघितलंय. अमेरिकेतल्या कंपनीला काय फरक पडतो असं म्हणणाऱ्याने इथे काय म्हणायचं? मराठी फॉन्ट विकत घेणारं गिऱ्हाईक आधीच मूठभर, त्यातले निम्मे फुकटे. मग आपणच म्हणतो मराठीत चांगले फॉन्ट का नाहीत.

आता फुकट आणि कायदेशीर पर्याय आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू, सगळे युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरांसाठी एकच संकेत असलेले), पत्रिकेवर छापले तर कोणी काही म्हणणार नाही. कोरलच्या जागी इंकस्केप, फोटोशॉपच्या जागी गिंप, हात बसायला महिना-दोन महिने जातात आणि फ्लेक्सवाल्याला सीएमवायकेचा, म्हणजे छपाईच्या चार रंगांचा, त्रास होतो हे खरंय, त्यामुळे एक तरी मशीन लायसन्सवर घ्या असं सांगेन. तुमची मोठी अडचण जुन्या फाइल्स. जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोड नाही, फॉन्ट काढला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी आकड्यांची नि कंसांची खिचडी दिसते. म्हणून आधी मॅटर कन्व्हर्ट करून घ्या, मग काढा.

प्रश्न : भोसरीला आमचं सहा माणसांचं डिझाइन ऑफिस आहे. एका कॅड कंपनीच्या वतीने ईमेल आलाय की तुमच्याकडे विनापरवाना वापर आढळला, सात दिवसांत कळवा. पार्टनर म्हणतो सगळं डिलीट मारू आणि उत्तरच देऊ नको.

उत्तर : पार्टनरला आवरा. नोटीस आल्यावर पुसापुशी केली तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा मागे लागू शकतो, आणि या प्रोग्रॅमनी कुठल्या मशीनवर कधी चालू झाले याची खबर नेटवरून आधीच कळवलेली असते, म्हणून तर ईमेल आलाय. आधी मेल खरा आहे का ते कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर विचारून घ्या, या नावाने फसवणारे पण फिरतात. फोनवर काही कबूल करू नका, ‘चला ऑडिट करून टाकू’ म्हणून कोणाला मशीनला हात लावू देऊ नका, कोर्टाच्या आदेशाशिवाय तशी परवानगी देणं तुमच्यावर बंधनकारक नाही (तुम्ही पूर्वी लायसन्स घेतलं असेल तर त्याच्या अटी मात्र वाचा). घरातल्या घरात सहा मशीनची यादी करा, कुठे काय, कोणाची पावती आहे. मग वकिलामार्फत उत्तर. अशी बरीच प्रकरणं पुढची लायसन्स विकत घेऊन आणि मागच्याबद्दल काही रक्कम देऊन मिटतात, आणि मागितलेली पहिली रक्कम शेवटची नसते. नोटीस बिनबुडाची असेल तर कलम ६० खाली तुम्हालाच कोर्टात जाऊन ती धमकी थांबवता येते. पण ती बिनबुडाची आहे असं तुम्ही पत्रात कुठे म्हटलेलं नाही, त्यामुळे ते राहू दे. आणि सहा जणांचं ऑफिस कंपनी असो की भागीदारी फर्म, कलम ६९ प्रमाणे त्यावेळी कारभार बघणारा जबाबदार धरला जातो, ऑपरेटरच्या नावावर ढकलता येणार नाही.

प्रश्न : दिल्लीतल्या झेरॉक्सवाल्याच्या केसमध्ये कोर्टाने पुस्तकांच्या कॉप्या चालतील म्हटलं ना? मग मी नगरला कोचिंग क्लासमध्ये मुलांना सॉफ्टवेअरची कॉपी दिली तर का नाही?

उत्तर : तो निकाल २०१६ चा, दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपीच्या दुकानाचा. त्यात शिकवण्याच्या ओघात, अभ्यासक्रमाला लागतील तेवढे उतारे छापून देण्याची सूट कोर्टाने मान्य केली. पूर्ण प्रोग्रॅमचं कुलूप तोडून तो क्लासच्या फीमध्ये गुंडाळून देणं त्यात बसत नाही. तुम्ही विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची स्वतःसाठी बॅकअप कॉपी काढून ठेवायची मुभा कलम ५२ देतं, ती तुमच्यापुरती. क्लाससाठी शैक्षणिक लायसन्स मागा.

प्रश्न : ऑनलाइन ४९९ रुपयांत ऑफिसची ‘लाइफटाइम की’ मिळते, बिल पण देतात. ती विकत घेऊन पुढे विकली तर चालेल का?

उत्तर : नाही. या बऱ्याचशा कीज मोठ्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या एकगठ्ठा लायसन्समधून फुटलेल्या असतात, आज चालते, उद्या तिकडून बंद होते आणि गिऱ्हाईक तुमच्या काउंटरवर. किंमत बघूनच शंका यायला हवी होती असं कोर्ट म्हणू शकतं, बिल हातात असलं तरी.

प्रश्न : मी परभणीला रिटायर्ड आयटीआय निदेशक. जुन्या मशीनवर लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस टाकून, मराठी कीबोर्ड बसवून विकायचं डोक्यात आहे. फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे घेतले तर ते पण पायरसीच ना?

उत्तर : नाही सर, बिनधास्त घ्या. हे प्रोग्रॅम ज्या मुक्त लायसन्सखाली येतात ते कॉपी करायला, वाटायला आणि त्याचे पैसे घ्यायलाही परवानगी देतं. लायसन्सचा मजकूर काढून टाकू नका, आणि सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर) देण्याची अट बघून घ्या, तुम्ही स्वतः प्रोग्रॅममध्ये काही बदल करून विकणार असाल तर जास्तच, नुसतं बसवून देणाऱ्याला ती डोकेदुखी कमी. बिलात मशीनचे वेगळे आणि बसवण्याच्या मजुरीचे वेगळे लिहा, आणि गिऱ्हाईकाला तोंडी पण सांगा की हे विंडोज नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी नातू गेम चालत नाही म्हणून घेऊन येतो. विकण्याआधी प्रिंटर जोडून एक पान छापून बघा, जुने प्रिंटर तिथेच अडतात.